शंका मजकुरावर घ्या, माणसावर नको

मागे एकदा मी कोसळणाऱ्या पुलाचा एक व्हिडिओ पाच ग्रुपांत टाकला. 'आत्ताच आलंय, त्या बाजूला कुणी असेल तर जपून' एवढं वर लिहिलं आणि पुण्य पदरात पडल्यासारखी कामाला लागले. माझा मावसभाऊ नेमका त्याच दिवशी गाडी घेऊन बाहेर पडला होता. मावशी पाऊण तास त्याला फोन लावत राहिली. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, एरवी याच सवयीचं आम्ही कौतुक करतो. संध्याकाळी कळलं की पूल भलत्याच देशातला होता आणि व्हिडिओ सहा वर्षांपूर्वीचा. मावशी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून काही सवयी मी स्वतःला लावून घेतल्या, त्याच इथे पायरीपायरीने लिहिते आहे. फोन नुकताच हातात आलेल्यांसाठी तर हे आहेच, पण वर्षानुवर्षं फोन वापरून ही सवय न लागलेल्यांसाठीही आहे. मी त्या दुसऱ्या गटातली. आणि हो, प्रत्येक गोष्टीला सगळ्या पायऱ्या लागत नाहीत. मांजराच्या व्हिडिओची शहानिशा करत बसू नका. जे तुम्ही पुढे पाठवणार आहात, किंवा ज्याच्यावरून पैसे, औषध, मत नाहीतर कुणाची अब्रू ठरणार आहे, त्याच्यासाठी ही मेहनत.

पायरी १: आधी स्वतःची नाडी पाहा

मजकूर खरा की खोटा हा प्रश्न नंतरचा. तो वाचल्यावर तुम्हाला काय झालं, हे आधी बघा. तळपायाची आग मस्तकात गेली? पोटात गोळा आला? 'बघा, मी म्हणतच होते!' असं वाटून गुदगुल्या झाल्या? यातलं काहीही झालं असेल तर फोन खाली ठेवा. अक्षरशः, पालथा ठेवा. पाणी पिऊन या.

हे मी उगाच सांगत नाही. २०१८ साली एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टी तपासल्या. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दोष यंत्रांचा असेल असं वाटतं ना? पण आपोआप चालणारी खाती खरं आणि खोटं दोन्ही सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक पाडला तो हाडामांसाच्या माणसांनी. खोट्या गोष्टी जास्त नवलाच्या होत्या आणि त्यांच्यावरच्या प्रतिक्रियांत आश्चर्य आणि किळस जास्त होती. खऱ्या बातमीला नवलाई असेलच असं नाही, बिचारीला जे घडलं तेवढंच सांगायचं असतं.

'लवकर पाठवा', 'डिलीट होण्याआधी बघा', 'हे कोणतंही चॅनल दाखवणार नाही', 'दहा जणांना पाठवा' ही वाक्यं दिसली की मी आता आपोआप थांबते. घाई तुमची नसते, ती कुणीतरी तुमच्यात भरलेली असते.

पायरी २: उघडा, शेवटपर्यंत वाचा, तारीख बघा

ही पायरी इतकी साधी आहे की कुणीच करत नाही. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधल्या एका संस्थेच्या संशोधकांना आढळलं की ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या लिंकपैकी ५९ टक्के लिंक कुणी उघडल्याच नव्हत्या. मथळा वाचला, पुढे ढकलला. मथळा बहुतेक वेळा बातमी लिहिणारा देत नाही, डेस्कवरचा दुसराच कुणीतरी देतो, आणि लक्ष खेचणं हेच त्याचं काम असतं. मथळ्यात 'बंदी' असते आणि चौथ्या परिच्छेदात 'बंदीचा विचार व्हावा अशी एका सदस्याची सूचना' असते. ध चा मा व्हायला एवढं पुरतं.

तारीख बघताना पोस्टची बघू नका, मूळ बातमीची बघा. पोस्ट आजची आणि बातमी पाच वर्षं जुनी, हा प्रकार फार चालतो. त्यात सगळंच खरं असतं, फक्त 'आज' खोटं असतं.

पायरी ३: आत खोल वाचू नका, बाजूला वाचा

हे ऐकायला उलटं वाटेल. आपल्याला शिकवलेलं असतं की नीट, बारकाईने, पूर्ण वाचा. अनोळखी वेबसाइटच्या बाबतीत मात्र तिच्यातच बसून तिची पारख करता येत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी २०१७ साली हे छान दाखवून दिलं. त्यांनी ४५ जणांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. त्यांत १० पीएचडी झालेले इतिहासकार होते, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर, म्हणजे बातम्यांची सत्यता तपासणारे, होते आणि २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी पानावरच रेंगाळले. रुबाबदार लोगो, शेवटी '.ओआरजी' असलेला, म्हणजे संस्थेचा वाटणारा पत्ता, गंभीर भाषा यांवरून मत बनवलं आणि बरेचदा फसले. फॅक्ट-चेकरनी पान जेमतेम पाहिलं, लगेच नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. त्यांना वेळही कमी लागला आणि उत्तरंही बरोबर आली. आयुष्यभर कागदपत्रांची छाननी करणारे इतिहासकार चकले, तिथे आपण चकलो तर लाजायचं कारण नाही.

तुम्ही करायचं ते असं. वेबसाइटचं किंवा संस्थेचं नाव कॉपी करा, नव्या टॅबमध्ये शोधा, आणि निकालांत तिची स्वतःची पानं सोडून बाकीची वाचा. 'आमच्याविषयी' हे पान सोडाच, ते स्वतःच लिहिलेलं प्रशस्तिपत्र. ही संस्था चालवतं कोण, पैसा कुठून येतो, याआधी कशासाठी चर्चेत होती, एवढं दोन मिनिटांत कळतं. कळलं नाही, कुठेच काही सापडलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. दहा ठिकाणी तेच छापून आलंय म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असं नाही. वाक्यं जुळवून बघा. तेच शब्द, तीच चूक, तोच फोटो असेल तर नऊ जणांनी एकाचं उचललेलं असतं. तो एक शोधायचा. 'एका अभ्यासानुसार' म्हटलं असेल तर अभ्यास कुणाचा, कोणत्या वर्षीचा, तो माणसांवर झाला की उंदरांवर, हे मुळात जाऊन बघायचं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' पासून सुरू करून तीन लिंकनंतर एका कंपनीच्या जाहिरातीवर पोचले. त्या जाहिरातीतही 'सिद्ध केलं' नव्हतं, 'मदत होऊ शकते' होतं.

चॅटबॉटला विचारलं तर? विचारा, पण तो चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो. त्याला आधार मागा आणि तो आधार उघडून वाचा. आधार उघडल्यावर पानच अस्तित्वात नाही, असं माझ्या बाबतीत एकदा नाही, अनेकदा झालंय.

पायरी ४: फोटो आणि व्हिडिओ

इथे जरा थांबू, कारण माझा पूल इथलाच.

महापुराच्या पाण्यात बुडालेल्या रस्त्यावर गाडीशेजारून पोहणारा शार्क तुम्ही पाहिला असेल. २०११ साली आयरीन चक्रीवादळाच्या वेळी हा फोटो फिरला आणि त्यानंतर जगात कुठेही पूर आला की तो पुन्हा वर येतो. फक्त शहराचं नाव बदलतं. त्यातला शार्क २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, छोट्या होडीमागून येणाऱ्या शार्कच्या एका खऱ्या फोटोतून उचलून पुराच्या पाण्यात चिकटवला आहे. होडीचा फोटो शोधून शेजारी ठेवला की पाठीचा बाक, पाण्यावरचा कल, सगळं हुबेहूब जुळतं.

शोधायचं कसं, तर व्हिडिओ असेल तर ठळक क्षणी थांबवा आणि स्क्रीनशॉट घ्या. वरची पट्टी, कोपऱ्यातले लोगो, खाली कुणी लिहिलेली ओळ, हे सगळं कापून टाका, नाहीतर शोधयंत्र त्या अक्षरांच्याच मागे लागतं. मग तो तुकडा गूगल लेन्समध्ये किंवा टिनआयमध्ये टाका, ही चित्रावरून चित्र शोधणारी साधनं आहेत. टिनआयमध्ये 'सर्वांत जुना आधी' असा क्रम लावता येतो आणि आपल्याला तेच हवं असतं. काल घडलेल्या घटनेचा फोटो सहा वर्षांपूर्वी कुठे दिसला, तर विषय संपला. काहीच सापडलं नाही तर फोटो आडवा उलटा करून पुन्हा बघा. पकडले जाऊ नये म्हणून आरशातल्यासारखे उलटवलेले फोटो बरेच असतात, आणि त्यांतल्या पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात. पण पाट्या कोण वाचतो!

त्या पुलाच्या व्हिडिओत मी नंतर काय पाहिलं ते सांगते. गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालल्या होत्या. कडेच्या फलकावरची लिपी मला वाचताच येत नव्हती. लोकांच्या अंगात जाड कोट होते आणि आमच्याकडे त्या दिवशी पंखा लावूनही घाम येत होता. या तिन्ही गोष्टी पाठवण्याआधीही माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रं. मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर कोटातल्या पोप फ्रान्सिस यांचं चित्र जगभर खरं म्हणून फिरलं. ते मिडजर्नी या साधनाने बनवलेलं होतं. त्या काळात 'बोटं मोजा' असा सल्ला दिला जायचा. तो सल्ला आता शिळा झाला, साधनं बोटं नीट काढायला शिकली. दात, कानातले डूल, मागच्या पाटीवरची गिचमीड अक्षरं जरूर बघा, पण त्यावर विसंबू नका. चित्राला भिंग लावण्यापेक्षा ते आलं कुठून हे विचारणं जास्त उपयोगी पडतं. एवढा मोठा माणूस, एवढी गर्दी, आणि फोटो एकाच कोनातून? इतर कुणाच्याच फोनमध्ये नाही?

शार्कची गोष्ट मात्र इथे संपत नाही. २०२२ साली इयन चक्रीवादळात फ्लोरिडातल्या एका बुडालेल्या वस्तीत शार्कसारखा मोठा मासा फिरतानाचा व्हिडिओ आला. वर्षानुवर्षं पोळलेल्या जाणत्या लोकांनी लगेच खिल्ली उडवली: आला पुन्हा शार्क! पत्रकारांनी मूळ फाइल आणि ती काढणारा माणूस यांची तपासणी केली आणि तो व्हिडिओ खरा निघाला. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून प्यावं हे ठीक, पण ताकच ओतून टाकलं तर नुकसान आपलंच. 'सगळंच खोटं असतं हो' म्हणणाऱ्याला चिकित्सक म्हणू नये. त्यानेही तपासलेलं नसतंच.

पायरी ५: आकडा दिसला की 'कशाच्या?' विचारा

१९९५ साली ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका नव्या प्रकारामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. धोका १०० टक्क्यांनी वाढला, अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात तो सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. कशाच्या दुप्पट, हे सांगायचं राहिलं आणि त्याची किंमत त्या बायकांनी मोजली.

तेव्हा टक्का दिसला की मूळ आकडा मागा. आलेख दिसला की उभी रेघ शून्यापासून सुरू होते का ते बघा. बस, एवढं आलं तरी पुष्कळ.

पायरी ६: आपल्या बाजूचं असेल तर दुप्पट तपासा

जे आपल्याला आवडत नाही त्याची आपण चिरफाड करतो आणि जे आवडतं ते डोळे झाकून गिळतो. माझी एक साधी युक्ती आहे. बातमीत नावांची अदलाबदल करायची. माझ्या आवडत्या माणसाच्या जागी नावडता घालायचा. आता याच पुराव्यावर माझा विश्वास बसला असता का? बसला नसता, तर पुरावा कच्चा आहे.

पुन्हा पुन्हा कानावर पडणं हीसुद्धा एक लबाडी असते. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की तेच विधान काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवलं, तर लोकांना ते आधीपेक्षा जास्त खरं वाटू लागतं. त्यामुळे 'हे मी कुठेतरी ऐकलंय' हा पुरावा धरू नका. कदाचित याच ग्रुपवर ऐकलं असेल, दोन महिन्यांपूर्वी, त्याच काकांकडून.

पायरी ७: आता त्या काकांशी बोला

बहुतेक मार्गदर्शकं तपासणीपाशी थांबतात. माझ्या मते अर्धं काम इथून पुढे आहे, आणि अवघड अर्धं.

खोटा मजकूर कुणी तयार केला आणि तुमच्यापर्यंत कुणी आणला, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. पहिल्याला तुमच्या रागाची फिकीर नसते. दुसरा तुमचा काका, शेजारीण, जुना मित्र असतो, आणि त्याने बहुधा काळजीपोटीच पाठवलेलं असतं. मी पुलाचा व्हिडिओ पाठवला तसंच. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका.

मावशीने एकदा ग्रुपवर टाकलं की अमुक पानांचा रस घेतला की रक्तदाबाच्या गोळ्या बंद करता येतात. माझ्या भावाने तिथेच सगळ्यांदेखत 'काहीही काय पाठवतेस! जरा वाचत जा' असं लिहिलं. मावशी चार दिवस ग्रुपवर फिरकली नाही, आणि तो मजकूर मात्र तिथेच राहिला. मी तिला वेगळा निरोप पाठवला: 'मावशी, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळू शकतो. तो रसाचा मेसेज कुठल्या डॉक्टरांच्या नावाने आलाय ते मी शोधलं, त्या नावाचं कुणी सापडलं नाही. तू स्वतः गोळ्या घेते आहेस ना वेळेवर?' शेवटचा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तरही मला तेव्हाच कळलं. दोन दिवस घेतल्या नव्हत्या.

यातला क्रम बघा. आधी खरं काय ते, मग खोटं का फसवं आहे ते, आणि खोट्याची पुनरुक्ती शक्य तितकी कमी. 'रसाने रक्तदाब बरा होतो हे खोटं आहे' असं दहा वेळा लिहिलं तर लक्षात रस राहतो. ग्रुपवर इतरांसाठी दुरुस्ती टाकायची असेल तर तिलाच टाकायला सांगा, किंवा तिचं नाव न घेता 'हा मेसेज फिरतोय, त्याबद्दल' असं लिहा.

'समजावून काय उपयोग, माणसं उलट जास्त हट्टाला पेटतात' असं पुष्कळ जण म्हणतात. २०१० च्या एका गाजलेल्या संशोधनात तसं आढळलं होतं खरं. पण नंतर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० हजारांहून जास्त लोकांवर ५२ विषय घेऊन पाहिलं, तर असा उलटा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. माणसं ऐकतात. लगेच कबूल करत नाहीत, एवढंच. त्यांना मागे फिरायला वाट ठेवा.

अनोळखी लोकांशी गाठ पडते तेव्हा हे जास्तच निसटतं. समोर चेहरा नसतो, आवाज नसतो, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही, मग उचलली जीभ लावली टाळ्याला. लिहून झालं की ते वाक्य मोठ्याने वाचा. समोर बसलेल्या माणसाला म्हणू शकाल का? आणि एखाद्याला आधीच तीनशे जणांनी झापलेलं असेल तर तीनशे एकाव्या ओळीने काय होणार आहे, हेही विचारा. ती लिहिली नाहीत तर जगाचं काही अडत नाही.

कुणाला 'शोधून काढण्याच्या' मोहिमेत तर चुकूनही सामील होऊ नका. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवरच्या हौशी तपासनिसांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा स्फोटांशी काडीचा संबंध नव्हता. मुलाला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेल्या पानावर शिव्यांचा पाऊस पडला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. त्या सगळ्या लोकांना आपण मदत करतोय असंच वाटत होतं. रेडिटने पुढे माफी मागितली.

दया दाखवायची म्हणजे सगळं सहन करायचं, असा अर्थ कृपया काढू नका. पैसे उकळणारा, धमकी देणारा, रोज येऊन चिखल फेकणारा यांच्याशी चर्चा करू नये. रिपोर्ट करा, ब्लॉक करा, जेवायला बसा. आणि खोट्या पोस्टची टर उडवायला तिचा स्क्रीनशॉट टाकायचा मोह होतो, तोही आवरा. तुमच्या टोमण्याशिवाय तो चार हातांतून पुढे जातो. टाकायचाच असेल तर चित्रावरच आडवी मोठी काट मारा.

पायरी ८: चुकलात तर तिथेच दुरुस्त करा

चुकणार आहातच. गुपचूप डिलीट करून मोकळे होऊ नका, कारण ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यातून ते डिलीट होत नाही. ज्या ज्या ग्रुपवर पाठवलं, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन लिहा. लांबलचक माफीनामा नको, 'मलाही कुणीतरी पाठवलं होतं' नको. मी लिहिलं होतं: 'सकाळी मी पाठवलेला पुलाचा व्हिडिओ जुना आणि दुसऱ्या देशातला आहे. आपल्याकडे असं काही घडलेलं नाही. न तपासता पाठवला, चूक माझी. पुढे पाठवला असेल तर हा निरोपही पाठवा.'

व्हिडिओला पाचही ग्रुप मिळून चाळीसेक प्रतिक्रिया आल्या होत्या. दुरुस्तीला तीन अंगठे आले. त्यातला एक मावशीचा होता.